हौसाकाकी आणि कोरड्या पायांचा पूल

"आक्काऽऽऽ! ए आक्काऽऽऽ! खारीक जास्ती घालू का खोबरंऽऽऽ?"

वाक्य एवढंच. पण ते ज्या आवाजात आलं त्यानं माझ्या हातातली बशी कपासकट मांडीवर आली, शेडच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली ती संध्याकाळपर्यंत खाली उतरली नाहीत, आणि आमचे देसाई साहेब एक बूट काढून, दुसरा तसाच पायात ठेवून, नदीकडं पळत सुटले.

"कोण बुडालं? दोर आणा! अरे दोर आणा कुणीतरी!"

कृष्णाकाठच्या आंबेडोहात आम्ही त्याच सकाळी उतरलो होतो. पलूसच्या पुढं, नदी जिथं मोठं वळण घेते तिथं हे गाव. समोरच्या काठावर कवठेपार. मध्ये पूल बांधायचा होता. देसाई साहेब सांगलीचे, कामावरचे इंजिनियर, वयानं कोवळे आणि इस्त्रीनं कडक. मी ठेकेदाराचा स्टोअरकीपर. म्हणजे सिमेंट, सळई, खिळे सांभाळणारा माणूस.

साहेब गुडघाभर पाण्यात शिरले तेव्हा काठावरच्या घराच्या कट्ट्यावर एक म्हातारे गृहस्थ तंबाखू मळत बसले होते. ते जागचे हललेसुद्धा नाहीत.

"या सायेब, बाहीर या. कोण बुडालं न्हाई. आमची मंडळी हाय ती. सून बाळंत झालीया, डिंकाचं लाडू चाललंत."

"मग ओरडतायत कुणाला?"

"भनीला. पलीकडं असती."

साहेबांनी पलीकडं पाहिलं. कृष्णा तिथं एवढी रुंद, की पलीकडचा माणूस मुंगीएवढा आणि म्हैस मुंगळ्याएवढी दिसावी. आणि तिकडून, जरा दम खाऊन, बारीक पण सुईसारखा टोकदार आवाज आला:

"दोनी घाऽऽल! आन् डिंक जाळू नगंस, गेल्या टायमागतऽऽ!"

साहेब पाण्यातून बाहेर आले. पायातला बूट काढून त्यांनी त्यातलं पाणी ओतलं. त्यात एक मासा होता असं मी पुढं बऱ्याच जणांना सांगितलं. खोटं वाटत असेल तर मासा सोडून द्या, बूट तेवढा घ्या.

अशी माझी हौसाकाकींशी ओळख झाली.

मी वडूजचा. आमच्याकडंही नदी आहे, पण तिच्यात पाणी असतं असा आरोप तिच्यावर कुणी करणार नाही. आमची माणसं नदी ओलांडतात तेव्हा फार तर चपलेत वाळू जाते. त्यामुळं नदीपलीकडच्या माणसाला हाक मारायची, तर त्यासाठी केवढा गळा लागतो याची मला कल्पनाच नव्हती. माल ठेवायची शेड काकींच्या अंगणात होती, माझी खोली त्यांच्या सोप्याला लागून होती आणि जेवण त्यांच्याच चुलीवर. सगळं काम संपेपर्यंत मी त्या आवाजाखाली राहिलो, म्हणून हे लिहिण्याचा मला अधिकार आहे.

दिसायला काकी बुटक्या. रुपयाएवढं कुंकू, काष्टा घातलेलं लुगडं, आणि हात कायम कमरेवर. एवढ्या लहान माणसात एवढा मोठा आवाज राहतो कुठं, हा प्रश्न मला रोज पडे. त्यांनी "हाड्" म्हटलं की आंबेडोहचं कुत्रं थांबायचं आणि कवठेपारचं पळायचं. डोहात एक मगर होती. गावकरी म्हणत, ती आधी रोज काकींच्या घाटावर ऊन खायला यायची. एकदा काकींनी धुणं धुता धुता तिला विचारलं, "काय गं, घरदार हाय का न्हाई तुला?" तेव्हापासून ती मगर औदुंबरच्या दत्ताच्या घाटाखाली सरकली आणि पुन्हा वर आली नाही.

त्यांचे यजमान आबा. तेच तंबाखूवाले. तोफखान्यात नोकरी करून सुभेदार म्हणून परत आलेले. मी एकदा सहज विचारलं, "आबा, तोफांनी कान गेले असतील नाही तुमचे?"

आबा म्हणाले, "न्हाई. तवा चांगलं हुतं. सुट्टीवर आलो की बिघडायचं."

कुजबुज हा प्रकार काकींना जमतच नसे. एकदा त्यांनी मला पदराआड बोलावलं, इकडंतिकडं पाहिलं, आणि त्यांच्या मते अगदी हळू म्हणाल्या, "वडूजकर, कुणाला सांगू नगा, पर आमच्या धाकट्याला पोरगी बघाय जायाचं हाय उद्या."

पलीकडून उत्तर आलं, "न्हाई सांगऽऽत!"

ती तानूआक्का. काकींची थोरली बहीण. काकींचा जसा गळा तसे तानूआक्कांचे कान. काकींच्या घरी दुधाला उकळी आली की त्यांना कवठेपारात ऐकू जायचं आणि त्या म्हणायच्या, "हौशे, उतू चाल्लं!" हे मात्र मी स्वतः पाहिलं आहे. दूध खरंच उतू गेलं होतं.

घरात मोबाईल होते. नातवानं काकींना एक आणूनही दिला होता. तो दळणाच्या डब्यावर झाकण म्हणून उपयोगी पडे. "फोनमदी माणसाचा आवाज लय बारीक हुतोय," त्या म्हणत. "आक्का आजारीच हाय असं वाटतंय. त्यापरास हे बरं." म्हणून रोज सकाळी भाकऱ्या झाल्या की काकी घाटावर, तानूआक्का त्यांच्या घाटावर, आणि मधून कृष्णामाई. लाडवांचं प्रमाण, सुनांचे गुण, उसाला आलेली तोड, कुणाच्या घरी काय शिजलं, सगळं त्या पाण्यावरून जायचं यायचं. दोन गावांत गुपित म्हणून काही उरलेलं नव्हतं.

मला वाटलं, काय प्रेम आहे बहिणी-बहिणींचं! तसं मी जेवताना बोललोही. काकी उठून चुलीकडं गेल्या आणि फुंकणीनं असा जाळ फुंकला की माझ्या ताटातली भाकरी पुन्हा एकदा भाजून निघाली.

रात्री नाही, दुसऱ्या दिवशी दुपारी आबांनी मला बांधावर नेऊन खरी गोष्ट सांगितली. बांध यासाठी, की तिथनं घर लांब.

पूल नव्हता तेव्हा नदी ओलांडायची तर नावेनं. नाववाला लेकाकडं पुण्याला गेला, नाव काठावर कुजली. मग लोक काहिलीतून जाऊ लागले. गुऱ्हाळात उसाचा रस आटवतात ती काहील. लोखंडाची, उथळ, बैलगाडीच्या दोन चाकांएवढी कढई. ती पाण्यात टाकायची, आत माणसं बसवायची, आणि एकानं पोहत पोहत ढकलायची. काहिलीला पुढची बाजू नसते. ती जाते तिकडं जाते, आणि जाता जाता स्वतःभोवती गिरक्या घेते. आंबेडोहची माणसं कवठेपारला पोचली की आधी थोडा वेळ धरून उभी राहायची, मग कुणाकडं आलो ते आठवायची.

काकींच्या थोरल्या लेकीचं लग्न होतं. तिथी उशिराची, वरून धरणाचं पाणी सोडलेलं. तानूआक्का म्हणजे नवरीची मावशी, मानाची. त्या पैठणी नेसून, नथ घालून, डोक्यावर करंज्यांचं ताट घेऊन काहिलीत उभ्या राहिल्या. बसल्या नाहीत, कारण पैठणीला चुण्या पडतात. काहील गिरक्या घेत आली. काठावर सगळं वऱ्हाड बघायला उभं. काकी पाहुणीवर भाकरतुकडा ओवाळायला पुढं. काहील काठाला लागली तेव्हा तानूआक्कांचं तोंड नेमकं कवठेपारकडं होतं. पुढं समजून त्यांनी पाऊल टाकलं ते मागं नदीत पडलं, काहील कलली, आणि मावशीबाई मांडी घालून कृष्णेत बसल्या. नथ, पैठणी, सगळं पाण्यात. करंज्या तेवढ्या वर. त्या तरंगत खालच्या अंगाला गेल्या. औदुंबराला त्या दिवशी प्रसादात करंज्या होत्या म्हणतात.

आणि हौसाकाकी हसल्या.

"हसल्या म्हणजे?" मी विचारलं.

आबांनी तंबाखू थुंकली. "वडूजकर, बेंडवाला थांबला. घोडं उधळलं. नवरदेव कवठेम्हंकाळचा, तो म्हनला ढग फुटला. मग आख्खं वऱ्हाड हसलं. मी बी हसलो, मी सुभेदार."

तानूआक्का उठल्या, पदर पिळला आणि म्हणाल्या, "हौशे, आता तुझ्या दारात पाय ठिवीन तर पायाला पाणी न लावता. आन् यीन तर समोरनं यीन, वळसा घालून यायची न्हाई."

काकींनी तिथं नुसतं 'चुकलं' म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण त्या म्हणाल्या, "न्हाई तर नगं यीऊस! थोरली तू हाईस, आधी तू यायचंस, मग मी!"

झालं. त्या लेकीची लेक आता कॉलेजात जाते. बहिणी रोज बोलत, नदीवरून. पण ना ही तिच्या दारात, ना ती हिच्या. वरच्या बाजूच्या पुलावरून अर्ध्या दिवसाचा वळसा घालून जाता येत होतं. पण शब्द समोरूनचा होता.

"तिच्या तोंडात सगळं शबूद हायत," आबा म्हणाले. "शिव्या हायत, व्हव्या हायत, कानडी बी हाय थोडं. 'चुकलं' एवढा येकच न्हाई. म्हनून हा पूल पायजे, कळलं का?"

तेव्हा मला कळलं की आम्ही कशाला आलो होतो.

सरकारदरबारी या पुलाचा इतिहास वेगळा असेल. गावात असा होता की याचं भूमिपूजन दर निवडणुकीला होई. एका कोनशिलेवर काकी धुणं धूत. एक आबांच्या गोठ्यात म्हशीखाली होती, आणि म्हैस मान्यवरांच्या नावांवर बिनदिक्कत उभी राही. एक मारुतीच्या देवळाची पायरी झाली होती. दर भूमिपूजनाला काकी सगळ्यात पुढं बसायच्या आणि पुढारी "लवकरच" म्हणाले की तिथंच उभ्या राहून विचारायच्या, "लवकर म्हंजे आमी जित्या असताना का मेल्यावर?" माइक त्या पुढाऱ्याच्या हातात असे, पण ऐकू काकी जात. कवठेपारातून तानूआक्का पुस्ती जोडत, "इचार, इचाऽऽर!" असा एका सभेला दोन्हीकडून मार बसल्यावर त्या पुढाऱ्यानं म्हणे गाडीत बसल्या बसल्या पहिला फोन पुलाचा केला.

काम सुरू झालं आणि काकींनी ते ताब्यात घेतलं. ठेकेदाराला वाटायचं काम त्याचं, साहेबांना वाटायचं त्यांचं. काकी सकाळी भाकऱ्या थापून झाल्या की घाटावरल्या कोनशिलेवर बसून सगळ्यांची हजेरी डोळ्यांनीच घ्यायच्या. नदीपात्रात पायासाठी विहिरी उतरवायचं चाललं होतं. काँक्रीटचं मोठं गोल कडं करायचं, आतली वाळू उपसत जायची, तसतसं ते आपल्या वजनानं खाली बसत जातं. एक कडं कलंडलं आणि अडून बसलं. सगळे डोक्याला हात लावून बसले तर काकी म्हणाल्या, "थांबा." नारळ आणला, विहिरीवर फोडला, आणि आत वाकून ओरडल्या, "बस की गं बयेऽऽ!" दुपारी कडं खाली सरकलं. साहेबांनी त्याचं कारण खालचा चिकणमातीचा थर सुटला असं लिहिलं. सुटला असेल. ते ऐकून मीसुद्धा जागा सोडली असती.

गर्डर चढवायचा दिवस मला मरेपर्यंत आठवेल. गर्डर म्हणजे एका खांबावरून दुसऱ्या खांबावर टाकायची काँक्रीटची भली थोरली तुळई. क्रेनवाला लांब बिहारचा, वर केबिनमध्ये. त्याला खुणा सांगायचे वॉकीटॉकी नेमके त्याच दिवशी बंद पडले. गर्डर हवेत लोंबतोय, वारा सुटलाय, साहेब हात हलवतायत आणि क्रेनवाल्याला वाटतंय साहेब माश्या हाकतायत.

"सरका बाजूला," काकी म्हणाल्या आणि डांबराच्या रिकाम्या पिंपावर चढल्या. "खाऽऽली! अजून खाऽऽली! थांऽऽब!"

क्रेन थांबली. मिक्सर थांबला. कवठेपारच्या रानात नांगरणीचा ट्रॅक्टर थांबला. वळणावरून एसटी चालली होती, तीही थांबली, आणि कंडक्टर उतरून विचारू लागला की कोण चढणार आहे.

सगळं सुरळीत चाललं होतं. तेवढ्यात पलीकडून आवाज आला, "हौशेऽऽ! डावीकडं वाकडं हाऽऽय!"

"न्हाई! उजवीकडंऽऽ!"

"आगं डावीकडंऽऽ! मला दिसतंय न्हवं!"

"तुझं डावं का माझं डावं?"

"डावं ते डावंऽऽ! लानपनापास्नं तुला उजवं-डावं कळत न्हाई!"

समोरासमोर उभ्या असलेल्या दोन बायका, दोघींचं डावं उलट्या दिशेला, आणि मध्ये लोंबणारा गर्डर. क्रेनवाला एकदा इकडं फिरवी, एकदा तिकडं. त्याला काहिलीत बसल्यासारखं व्हायला लागलं. अखेर देसाई साहेब, ज्यांनी कुणावर कधी आवाज चढवला नव्हता, पिंपाशेजारी उभे राहून किंचाळले, "डावं-उजवं बंद! वरच्या अंगाला देऊळ आहे, खालच्या अंगाला स्मशान आहे. तेवढंच बोलायचं!"

त्या दिवसापासून त्या पुलावर डावं-उजवं बंद झालं ते कायमचं. "काकी, जरा मसणवट्याकडं घेऊ का?" असं सांगलीचे देसाई साहेब अदबीनं विचारत आणि काकी म्हणत, "ल्हानसं घ्या. बास. आता देवळाकडं जरा." गर्डर बसला तो केसाइतकाही हलला नाही.

हे हसण्यावारी झालं. पण काकींचं लक्ष कशावर आहे हे स्लॅब पडल्यावर कळलं. त्या पाण्यानं भरलेली घागर कमरेवर घेऊन वर आल्या.

"इंजनेर सायेब, हितं पानी साचंल का?"

"नाही काकी. मधे उंच, कडेला उतार आहे. कडेनं नळ्या सोडल्यात. पाणी खाली नदीत जाईल."

"बगू." आणि त्यांनी घागर ओतली. मग पदर खोचून, वाकून, पाण्यामागोमाग चालत गेल्या. पाणी शहाण्यासारखं नळीकडं गेलं. पण दोन स्लॅबच्या जोडाशी बशीएवढं तळं राहिलं. काकींनी त्यात पायाचा अंगठा बुडवला.

"सायेब, ह्यात आक्काचा अंगठा बुडतोय."

"काकी, पूल आहे. पाऊस आला की ओला होणारच. एवढ्याशा पाण्यानं काय होतंय?"

काकींनी रिकामी घागर पालथी घातली. तिथंच खाली बसल्या. त्या न बोलता बसल्या आहेत हे बघून साहेब असे घाबरले की त्याच दिवशी तो जोड फोडून नीट करवला. कवठेपारच्या अंगाला रस्त्यात एक ओढा आडवा येत होता. त्यावर नुसता फरशीचा रस्ता होणार होता, म्हणजे पावसाळ्यात वरून पाणी वाहणार. काकींनी तिथंही नळ टाकून उंच मोरी करायला लावली. साहेबांनी वर कारण काय कळवलं मला ठाऊक नाही. खरं कारण तानूआक्कांच्या पायाची बोटं.

मग एका पावसाळ्यात महापूर आला.

कृष्णा घाट चढली, कोनशिला गिळली, काकींच्या अंगणात येऊन थांबली. आमचे बांबू, फळ्या, एक मिक्सर वाहून गेला. खांब तेवढे पाण्यात माना वर काढून उभे. सगळ्यांना शाळेत हलवलं, काकी हलल्या नाहीत. आवाज एवढा होता पाण्याचा, की त्यावर पहिल्यांदाच काकींचा आवाज कमी पडला. सकाळी त्या उभ्या राहून हाका मारत आणि पलीकडून काहीच येत नसे. भाच्याचा फोन आला, मावशे, आई बरी हाय. काकी म्हणाल्या, "त्यो लबाड हाय. मेली तरी बरी हाय म्हनंल."

त्या दिवसांत त्यांनी कुणाला हाड् केलं नाही. कुत्रीसुद्धा बिचकली. ताटावर बसल्या की घास तसाच राही. एकदा मला म्हणाल्या, "तिचं गुडघं दुखत्यात आता. पूल हुईस्तवर चालंल का ती?"

आणि एका सकाळी पाण्यावरून ठण् ठण् ठण् असा आवाज आला. पलीकडं कुणीतरी परात बडवत होतं. काकी उठून घरात धावल्या, हाताला लागला तो तवा आणि उलथणं घेऊन आल्या आणि बडवत सुटल्या. तव्यावर आदल्या दिवशीची भाकरी होती, ती उडाली ती आबांच्या मांडीवर. आबांनी ती उचलून खाल्ली.

पूल झाला. पांढरे पट्टे मारले, कठड्याला रंग दिला. उद्घाटनाला मोठ्या माणसाची तारीख मिळेना, म्हणून दोन्ही टोकांना पिंपं लावून रस्ता बंद ठेवला. मला वरून निरोप आला, आमच्याकडं खटावात एका लहान पुलाचं काम आहे, तिकडं निघ. माझा ट्रंक-बिछाना टेंपोत चढला, मी काकींच्या पाया पडायला गेलो, तेवढ्यात पलीकडून तानूआक्कांचा आवाज आला:

"हौशेऽऽ! ह्यो तुझा वाचमन मला सोडीना!"

काकी अंगणाच्या टोकाला आल्या, हात कमरेवर, आणि ओरडल्या, "सोड रं तिलाऽऽ!"

कवठेपारच्या टोकाला असलेला आमचा वॉचमन, त्यानं पिंप बाजूला केलं की पिंप आपणच सरकलं हे अजून ठरायचं आहे.

तानूआक्का निघाल्या. बरोबर कुणी नको म्हणाल्या. तीच पैठणी, पाण्यानं रंग गेलेली, नथ. आणि चपला पायात नव्हत्या, हातात होत्या. पाय कोरडे आहेत हे सगळ्यांना दिसलं पाहिजे म्हणून. गुडघे दुखत होते, चार पावलं टाकली की कठड्याला धरून थांबायच्या. कामावरची सगळी माणसं हातातलं टाकून उभी. देसाई साहेब जोडाच्या जागेकडं बघत होते, तिथं काही ओलं नाही ना म्हणून. मधोमध आल्यावर आक्कांनी खाली नदीत पाहिलं आणि म्हणाल्या, "आज न्हाई गावायची तुला." नदीलाच म्हणाल्या बहुतेक.

पुलावरून उतरल्या, भरावावरून खाली आल्या, काकींच्या अंगणात शिरल्या. पाय टाचेपर्यंत धुळीनं पांढरे, पण कोरडे ठणठणीत. आबा कट्ट्यावरून उठून उभे राहिले. इतक्या दिवसांत कुणा पाहुण्यासाठी मी त्यांना कट्ट्यावरून उठलेलं पाहिलं नव्हतं.

दारात काकी. हातात भाकरतुकडा, शेजारी भरलेला तांब्या. सकाळी आक्कांनी घाटावरून 'यीते' म्हटल्यापासून त्या काय काय करू म्हणून फिरत होत्या. भाकरतुकडा ओवाळला, टाकला. डोळे भरून आले होते, समोरचं नीट दिसत नसणार. दारात पाहुणा आला की बाई काय करते? हात आपोआप जातो. काकी वाकल्या, तांब्या उचलला आणि तो सगळाच्या सगळा तानूआक्कांच्या पायांवर ओतला.

देसाई साहेबांनी डोळे मिटले. एवढा पूल, एवढे खांब, तो उतार, त्या नळ्या, ती मोरी, आणि उंबऱ्यापासून हातभर अलीकडं पाय ओले.

तानूआक्कांनी पायांकडं पाहिलं. धुळीचा चिखल होऊन बोटांतून ओघळत होता. मग त्यांनी बहिणीकडं पाहिलं.

आता त्या लग्नातल्यासारखं कुणीतरी हसेल असं मला वाटलं. कुणी हसलं नाही. काकींनी रिकामा तांब्या खाली ठेवला. त्यांचे ओठ हलले. आणि मग, ज्या बाईला कुजबुजता येत नव्हतं, जिच्या एका 'थांब'नं एसटी थांबली होती, तिच्या तोंडून इतका बारीक आवाज निघाला की मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो म्हणून मला ऐकू आला.

"आक्का... चुकलं गं माझं."

पाण्याचं म्हणाल्या की करंज्यांचं, देव जाणे.

नदीपलीकडून उतू जाणारं दूध ऐकणाऱ्या तानूआक्कांनी मान वळवली. अंगणातल्या सगळ्यांवरून, आबांवरून, साहेबांवरून, कामकऱ्यांवरून नजर फिरवली. चपला खाली ठेवल्या, ओले पाय एकदा झटकले आणि म्हणाल्या,

"ऐकू आलं न्हाई. मोठ्यानं म्हन."